चौकीवरची टोपली

१२ मार्च
आजही नाही आली. वाडीत बारसं झालं. जेवण उरकल्यावर भात, अंडं, कोंबडीची टोपली घरोघर गेली. ज्वालामुखीवर नजर ठेवणारी माझी चौकी तेवढी वगळली!

गेल्या वर्षी हादरे वाढले म्हणून मी वाडी खाली हलवायला लावली. लोकांनी गुरं मातीमोलाने विकली आणि डोंगर फुटलाच नाही. तेव्हापासून मी त्यांना मेले.

१४ मार्च
दुकानात सुमी. "काय गं, थोरल्यांना शिंक आली का? एक गाय उरलीय आमची, तीही विकू?" डोंगराचं नाव इथे घेत नाहीत, थोरले म्हणतात. सगळे हसले. मीही हसले. चौकीत येऊन रडले.

१५ मार्च
वॉकीटॉकीवर दार्मो आजोबा, सुमीचे वडील. वर गवत कापायला जातात, तिथून बोलतात. अख्ख्या वाडीत माझ्याशी तेवढेच.

"जेवलीस का पोरी?"

"टोपली कुठे आली, आजोबा!"

"सुमीचं डोकं तापट आहे गं. आमच्या घरचं पुढचं जेवण होऊ दे, टोपली तुला. शब्द माझा!"

१७ मार्च
सुराबाया शहरातून आईचा फोन. "डोंगराशी किती दिवस संसार करणार?" फोन ठेवून हादऱ्यांची नोंद करायला बसले.

१९ मार्च
हादरे थांबत नाहीत. कडा फुगलाय. जुन्या नोंदी काढल्या — मागच्या दोन्ही स्फोटांआधी असंच. पण गेल्या वर्षीही असंच होतं! पुन्हा चुकले तर माझं कोणी कधीच ऐकणार नाही. गप्प बसले तर — नको.

२० मार्च
इशाऱ्याचा लाकडी ओंडका बडवला. कोणी हलेना. शेवटी आजोबाच गाठोडं घेऊन बाहेर आले. "लहानपणी त्या तापल्या राखेच्या ढगाने आमची जुनी वाडी गिळलेली पाहिलीय मी. चला!" मग निघाले सगळे, खालच्या छावणीत. गुरं मात्र कोणी विकली नाहीत, गोठ्यातच ठेवली. एकदा तोंड पोळलंय ना!

२२ मार्च
छावणीतून माणसं रोज वर जातात, गुरांना चारा घालायला. अडवून अडवून घसा बसला. आज बाकीचे परतले, आजोबा नाहीत. वॉकीटॉकीवर गाठलं.

"एक भारा टाकतो गाईला, आलोच."

"आत्ता खाली या! आत्ताच्या आत्ता!"

"ओरडू नकोस गं, थोरले जागे होतील."

२२ मार्च, संध्याकाळ
फुटला. छावणी सुखरूप. वॉकीटॉकीवर नुसती खरखर. तरी हाका मारतेय.

२४ मार्च
सुमी आली. डोळे सुजलेले. हातात टोपली.

"बाबांच्या तिसऱ्या दिवसाचं जेवण. तुला शब्द दिला होता म्हणे त्यांनी."