फायनलच्या दिवशी

सेंट लुईस,
२ एप्रिल

प्रिय लू,

तिकडे अँकरेजला अजून बर्फ असेल. हॉस्पिटलच्या पाळ्या संपवून जेवतेस की नुसत्या कॉफीवर दिवस काढतेस? मी ठणठणीत आहे. उपासाच्या शुक्रवारी चर्चच्या जेवणासाठी मासे तळायला उभा होतो. या वर्षी कढई माझ्याकडे दिली आणि पिठाचं काम त्या चेंगट रॉलंडकडे, त्यामुळे रांग दारापर्यंत गेली. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या लग्नापासूनच कुरकुरतोय.

ग्रॅडी मजेत आहे. पंधराव्या वर्षी पोरं जेवढी बोलतात तेवढं बोलतो. शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि कोपऱ्यावरच्या बोस्नियन सेनादच्या कबाबच्या दुकानामागच्या पार्किंगमध्ये चेंडू घेऊन पळतो. तिथे ती बोस्नियन पोरं असतात, दोघं-तिघं बापयेही असतात. कुणी शिट्टी वाजवत नाही, टीमसुद्धा रोज वेगळी. अंधार पडला की घरी येतो आणि दोन माणसांचं जेवतो.

फुटबॉलमध्ये आपला देश बेल्जियमशी हरला ते तू पाहिलंच असशील. मी ती मॅच सेनादकडे बसून पाहिली. त्याला चेव चढला होता.

"ऑगीदादा, तुमची पोरं धावतात झकास, ताकदही आहे. पण चेंडू पायात आला की आधी बाहेर बघतात, कोच काय म्हणतोय म्हणून. तोवर समोरचा चेंडू घेऊन गेलेला असतो."

"अरे, एवढा मोठा देश आमचा, एवढी मैदानं..."

"मैदानं आहेत हो. पण त्यांच्या कडेला सगळे आईबाप खुर्च्या टाकून बसलेत! आम्ही कुठे खेळतोय हे माझ्या बापाला ठाऊकसुद्धा नसायचं."

मला राग आला. माझाही बाप कधी माझी मॅच बघायला आला नव्हता, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं. म्हणून तर तुझ्या एकूण एक मॅचला मी हजर असायचो. तेव्हा सेनादला म्हटलं, तू गप मांस भाज.

पण गेला शनिवार मूक शनिवार होता. सीझनमध्ये एकदा ग्रॅडीच्या क्लबची लीग तो पाळते, तुला माहीत आहे. आईबापांनी एक शब्द बोलायचा नाही. गेटवर प्रत्येकाला लॉलीपॉप देतात, तोंडात धरायला. साठ-सत्तर मोठी माणसं ओळीने लॉलीपॉप चोखत बसलेली. हसू आवरत नव्हतं.

आता एक सांगतो, रागावू नकोस. त्या दिवशी नेटवर्क गेलं असं मी तुला म्हणालो, ते खोटं होतं. एरवी मी व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरतो आणि तू अलास्कातून "डावीकडे! डावीकडे! दे सोडून!" म्हणून ओरडतेस. त्या दिवशी फोन मीच बंद करून खिशात ठेवला होता.

पहिला हाफ बघवत नव्हता. चेंडू मिळाला की आमची पोरं थांबायची आणि खुर्च्यांकडे बघायची. समोरच्या टीमचीही तीच तऱ्हा. ग्रॅडीने तर माझ्या हाताकडे पाहिलं, फोन कुठे आहे म्हणून. हात रिकामा होता. पुन्हा पाहिलं, चेंडू गेला.

दुसऱ्या हाफमध्ये त्याने बघणंच सोडलं. लू, त्याने एक पास दिला, दोघांच्या मधून, मान न वळवता. तिथे आपल्या टीमचं पोरगं येणार हे मैदानात फक्त त्याला ठाऊक होतं. पुढचा तसाच पास चुकला आणि त्यावर गोल खाल्ला. तर हा हसला आणि पळत जागेवर गेला! चुकल्यावर त्याला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी चुकला की त्याचे खांदे पडतात.

मॅच आम्ही हरलो, पण फायनल आधीच पक्की होती. घरी येताना गाडीत म्हणाला, "आजोबा, आईला सांगाल? फायनलला येऊ नको म्हणून."

"तूच सांग की."

"ती रडेल."

"आणि मी सांगितलं तर काय नाचणार आहे?"

त्याने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "ती ओरडते ना, तेव्हा मला माझं काही सुचतच नाही. ती माझ्यासाठीच करते, कळतं मला. म्हणूनच बोलता येत नाही."

फोनवर हे बोलायला बसलो असतो तर तू मला दोन वाक्यंही पुरी करू दिली नसतीस. म्हणून पत्र.

मला माहीत आहे, त्याच्या क्लबची फी भरायला तू जास्त पगारासाठी इतक्या लांब गेलीस. फायनलला कॉलेजची माणसं खेळाडू निवडायला येणार, त्याचं भलं होईल, म्हणून रजा मागून तिकीट काढलंस. तुला किती लागेल हे लिहिताना मलाही लागतंय. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. इथे सगळेच असं करतात, आणि ओरडायला तू माझ्याकडूनच शिकलीस.

घरासमोर गाडी थांबवून मी त्याला विचारलं, "मी तर येऊ ना?" त्याने सीटबेल्ट सोडला. मग म्हणाला, "तुम्हीपण नको."

हो म्हणालो. तो घरात गेल्यावर गाडीतच बसून राहिलो थोडा वेळ.

तिकीट रद्द करू नकोस. ये. त्या सकाळी त्याला आपण दारातूनच निरोप देऊ, मैदानावर सेनादचा मुलगा नेईल. मग स्वयंपाकघरात आपण दोघं बसू. मी बटर केक करीन, तू मला शिव्या घाल. तो परत आला की बूट काढेल, पाणी पिईल. काय झालं ते त्याला सांगायचं तेव्हा तो सांगेल. तोवर मी एकटा बसू शकणार नाही, लू. तू हवीस.

तुझी वाट बघणारा,
बाबा