तिच्या नावाचं टोकन

३ मार्च, मंगळवार

रुग्णालयवाल्यांची प्रश्नावली आली. एकोणचाळीस प्रश्न! मुलगी देताना सासऱ्यांनीसुद्धा मला एवढे विचारले नव्हते.

अडतीस सोपे. आमची डबी औषधांच्या फ्रिजमध्ये बसते, पारा वरखाली झाला की फोन वाजवते — हे डोळे मिटून लिहिता येतं. नवी डबी पहिल्यांदा चालू झाली की सर्व्हरला हाक मारते, मी अमुक, मला आत घ्या. मग तिला टोकन मिळतं, म्हणजे आत शिरायचा परवाना. एकदाच चालणारं, दहा मिनिटांत मरणारं. ही सगळी व्यवस्था सूनबाईची. तिच्याआधी सगळ्या डब्यांना मिळून एकच किल्ली होती — माझ्या अकलेची. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिनं ती मोडीत काढली. वर म्हणाली, "बाबा, एक डबी चोरली की सगळी कंपनी चोरता येते."

अडला तो तेविसावा. टोकन वाटणारा प्रोग्राम स्वतः कुणाच्या ओळखीवर आत शिरतो?

उत्तर — सुनेच्या. प्रोग्राम कंटेनरमध्ये असतो, म्हणजे सगळ्या सामानासुमानासकट बांधलेला. उचलून कुठेही ठेवा, चालतो. त्या सामानात तिच्या स्वतःच्या खात्याचं टोकन आहे, खातं चालू असेपर्यंत न मरणारं. वर्षाच्या पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं होतं. "घाईत घातलं होतं बाबा. उद्या मी नसले, माझं खातं बंद झालं, तर एकही नवी डबी आत येणार नाही. कंपनीच्या नावाचं वेगळं करून घेऊ." मी म्हणालो, मोठी ऑर्डर जाऊ दे, तोवर हात लावू नकोस. ती "बरं" म्हणाली.

आज बँकवाल्यांना सांगितलं, लिहा — काम चालू आहे. (बँकवाले म्हणजे आमचे नवे इंजिनिअर. वय बावन्न. वीस वर्षं बँकेचे कॉम्प्युटर सांभाळून महिन्यापूर्वी इकडे आले.)

"लिहितो साहेब. पण चालू कुठंय?"

माणूस चांगला आहे. जरा जास्तच चांगला.

५ मार्च, गुरुवार

तीस वर्षं बिघडलेल्या फ्रिजला कान लावून पोट भरलं. कंप्रेसर कुठे कण्हतोय ते दारातून कळायचं. तेच कान घरातही चालू राहतात, त्याला मी काय करू? पलीकडच्या खोलीत सून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

दुसऱ्या शहरातून नोकरी आली आहे. मोठी कंपनी. वीस तारखेपर्यंत कळवायचंय.

"कशी जाऊ गं? इथलं सगळं माझ्या नावावर अडकलंय."

मुलगा जाऊन तीन वर्षं झाली. ती माहेरी जाईल असं सगळे धरून चालले होते. गेली नाही. सकाळी आठला आम्ही दोघं एकाच स्कूटरवरून कामावर जातो. रस्ताभर ती माझ्या हॉर्न वाजवण्यावर टीका करते.

वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, हायसं वाटलं.

९ मार्च, सोमवार

मोठी ऑर्डर गेली. तिनं टोकनाचा विषय काढला नाही. मीही नाही.

११ मार्च, बुधवार

बँकवाले दारात उभे. "साहेब, ऑर्डर गेली. आता बदलायचं का? तासाभराचं काम असेल. तुमच्याशिवाय हात लावायचा नाही असं मॅडम म्हणाल्या."

मी म्हणालो, डब्या बसवणारे फिटर बाहेरगावी आहेत, ते येऊ देत.

फिटर कालच आले. एक तर माझ्या मागेच चहा पीत उभा होता. त्यानं कपात बघितलं.

एवढी वर्षं गिऱ्हाइकाला गरज नसलेला पार्ट कधी विकला नाही. आणि आता घरातल्याच पोरीला दाव्याला बांधून ठेवतोय.

१४ मार्च, शनिवार

हिला सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबला नाही.

"मला माहितीय."

"तिनं सांगितलं?"

"नोकरीचं सांगितलं. आणि तुम्ही ऐकलंय हेही तिला ठाऊक आहे. तुमचे कान कुणाला माहीत नाहीत? दूधवालासुद्धा जिन्यात हळू बोलतो."

"मग काय करू?"

"मला काय विचारता?" म्हणाली आणि माझे शर्ट माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.

कानांचं हे असं. ऐकू सगळं येतं.

१९ मार्च, गुरुवार

झालं एकदाचं. सकाळी बँकवाल्यांना सांगितलं, उद्या कंपनीच्या नावाचं टोकन घाला, तिचं काढा. संध्याकाळी तिला समोर बसवलं. म्हणालो, "तू मोकळी आहेस. आमच्यासाठी अडून राहू नकोस. त्यांना हो म्हणून कळव."

भाषण चार दिवस घोकलं होतं. चांगलं झालं. ही ऐकत होती, हिचं तोंड मात्र आंबट.

सून म्हणाली, "बरं, बाबा." माझा कप उचलला, विसळला, पालथा घातला. आधीच विसळलेला होता तो.

छातीवरचा दगड उतरेल वाटलं होतं. रात्रीचं जेवण गेलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

अकरा वाजता बँकवाले आले. काढण्यासारखं काही नाही म्हणाले. कंटेनर कंपनीच्या टोकनावरच चाललाय. तिच्या टोकनाचा शेवटचा वापर — २ जानेवारी. मला सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं बदलून टाकलं होतं.

तडक घरी आलो. ती जेवणाच्या टेबलाशी, लॅपटॉप उघडा, होकाराचं पत्र लिहून तयार, पाठवायचं बाकी.

"जानेवारीतच काढलंस?"

"औषधांचे फ्रिज माझ्या एकटीच्या भरवशावर कसे ठेवणार, बाबा?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर इथं राहायला मला काय कारण उरलं असतं?"

मी खुर्ची ओढून बसलो. विचारलं, "तुला जायचंय का?"

तिनं लॅपटॉप मिटला.

"हे विचारायला पंधरा दिवस लावलेत, बाबा."