जखम दाबण्याच्या शिकवणीसाठी ठेवलेली विहिरीजवळची जमीन

मी ग्यानबा उमाजी, जात हटकर, धंदा मेंढरं आणि शेती, वय अंदाजे सत्तर, राहणार पेडगाव, हा कागद लिहायला फार उशीर केला याबद्दल आधी माझी विधवा सून मनकर्णाबाई हिची माफी मागतो. मुलगा चंद्रभान जाऊन चार वर्षं होत आली. रोज लिहीन म्हणालो आणि रोज भ्यालो. आज ताप नाही, डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही. दाब टाकणारे दाराबाहेर बसले आहेत.

विहिरीजवळची जमीन मी स्वतः कमावलेली आहे. भाऊ दत्तराव याचा तिच्यावर हक्क नाही. तिचं उत्पन्न दरसाल एकाच कामाला लावावं: गावातल्या माणसांना वाहतं रक्त थांबवायला शिकवणं. पूर्णा स्टेशनच्या रेल्वे दवाखान्यातले कंपाउंडर किशनराव शिकवायला कबूल आहेत. त्यांचा मेहनताना द्यावा. शिकणाऱ्याला गाडीभाडं, जेवण आणि बुडालेली मजुरी द्यावी. मजुरी बुडाली तर गरीब येणार नाही, आणि कुऱ्हाड बहुतेक गरिबाच्याच पायावर पडते.

शिकणाऱ्यांत निम्म्या सुना असाव्यात. का, तेही लिहितो, कारण गावाला विसरायचं आहे.

चंद्रभान शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्या तोडत होता. कुऱ्हाड निसटून मांडीत गेली. मनकर्णानं लुगड्याचा बोळा जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी अंगाचा भार दिला. रक्त थांबलं. मी मेंढरं घेऊन नदीकडे होतो. गडी आश्रुबा चंद्रभानजवळ होता, त्यानं सांगितलेलं लिहितो. मग दत्तराव गावातली मोठी माणसं घेऊन आला.

"ऊठ गं. मोठी माणसं आलीत अन् तू नवऱ्याच्या मांडीवर हात ठिवून बसलीस. लाज हाय का न्हाई?"

"मामंजी, हात काढला की रगत यायलंय."

"मग आमी काय मेलोत? सर, बघू दे."

ती सरली. डोक्यावर पदर घेतला. बोळा काढून एकेकानं जखम पाहिली आणि हळद आणायला माणूस पळवला. हळद आली तेव्हा ती लावायला चंद्रभान उरला नव्हता. तेराव्याला याच माणसांनी मनकर्णाला पांढऱ्या पायाची ठरवून पाथरीला माहेरी धाडलं. मी नको म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

जोंधळ्याचं रान दत्तरावाला, एका अटीवर. पहिल्या शिकवणीला त्यानं चावडीपुढं आडवं व्हावं आणि त्याच्या सुनेनं त्याची मांडी दाबून दाखवावी. बघायला तीच मोठी माणसं बोलवावीत. लाज वाटली तर रानही शिकवणीला जावं.

मेंढरं आश्रुबाला. खोकणारी मेंढी वेगळी बांधावी. घर मनकर्णाबाईला. दाराची कडी सैल आहे, बसवून घ्यावी.

या सगळ्याची मुखत्यार मनकर्णाबाई. पहिली शिकणारीही तीच. ती नाही म्हणाली तर गावात दुसरं कोणी नाही. दत्तराव जमीन दाबून बसेल आणि मी मेलेला असेन.

समक्ष सही करणारे: माणिकराव चव्हाण, लिंगराज स्वामी
सही: ग्यानबा उमाजी
पेडगाव, १२ मार्च १९५७

मनकर्णा, याची नक्कल आश्रुबाबरोबर पाठवतो, कोणाकडून तरी वाचून घे. या गावात परत पाय ठेव म्हणायला मला तोंड नाही, पण जमीन इथं आहे. हो की नाही ते आश्रुबाजवळ तोंडी सांगितलंस तरी चालेल. लवकर कळव. रात्री दम लागतो.