वाकडशिंग्या खाटकाला द्यायचा नाही

आणि दादा, तू पुन्हा तेच केलंस. मी इकडे लांब आलो की तुला वाटतं आता विचारणारं कोणी नाही.

मी, तुझा धाकटा भाऊ, वय तेवीस, चौथीपर्यंत शिकलेला, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी दम दिलेला नसताना, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते लिहून ठेवतो. खाटेवर बसून लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय, प्यायलेलो नाही. उद्या तेलाच्या टाकीत उतरून गाळ काढायचा आहे. परवा उतरलेल्या वेल्डरला दोरीने ओढून वर काढलं, तोवर तो आतल्या वाफेने गेला होता. मुकादम मला म्हणाला, "तू दणकट दिसतोस, आता तू जा." नुसतं दिसण्यावरून. तू मेंढा निवडतोस तसंच.

एक. माझ्या वाट्याच्या बावीस मेंढ्या वहिनीला. दादाला नाही. मेंढीची खालची पापणी उलटून बघायचं काम घरात ती एकटीच करते. लाल असली तर ठीक, पांढरी पडली तर पोटातले जंत रक्त पितायत. गुरांच्या डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं, "पांढरी दिसेल तिलाच औषध पाजा. जिला सारखं पाजावं लागतं, तिची पिल्लं पैदाशीला ठेवू नका. जंत सोसायची ताकद रक्तातून उतरते." तू म्हणालास, "ते असू दे डॉक्टर, मेंढा कसा रुबाबदार हवा!"

दोन. माझ्या पेटीत कापलेली दोरी आहे. एकदा औषध पाजलं की गळ्यातल्या दोरीला एक गाठ, असं आपलं ठरलं होतं. या दोरीला पाच गाठी आहेत. ती तुझ्या रुबाबदार मेंढ्याची, पैलवानाची. त्याला मेंढ्यांत सोडायच्या आधी तू ती कापून गोठ्यामागे फेकलीस, मी उचलली. त्याची चौदा कोकरं झाली, पावसाळ्यात अकरा मेली. आपला दुसरा मेंढा वाकडशिंग्या, त्याच्या नऊपैकी एकच मेलं, आणि त्याच्या दोरीला अजून एकही गाठ नाही. पैलवानाची दोरी दादाला द्यावी. जाळायची असेल तर वहिनीसमोर जाळ.

तीन. लोकर कातरायची कात्री आणि नवे बूट आईकडे. तिला टाकीचं सांगू नका. मी रंगकाम करतो असं सांगितलंय.

चार. वाकडशिंग्या आपला दोघांचा, अर्धा अर्धा. काल वहिनी फोनवर म्हणाली, "भाऊजी, रविवारी खाटीक त्याला न्यायला येतोय. मी नको म्हटलं तर हे म्हणतात, तुलाही शिंगं फुटली का?" वहिनी, फुटू देत. माझा अर्धा तुला. दादाचा अर्धा मी विकत घेतो, तोही तुला.

भीती वाटते, दादा. रोज आरशात स्वतःची पापणी उलटून बघतो. लालच आहे. टाकीतल्या वाफेला त्याचं काय?

वर आलो तर बाकीचं फाडा, चौथं कलम ठेवा.

साक्षीदार: आचारी, वाचून सही. शेजारच्या खाटेवरचा क्रेनवाला, अंगठा.
मजुरांची खोली, खाट नंबर सहा. गुरुवार, सहा तारीख.
सही: धाकटा

आचारी सुट्टीवर निघालाय, शनिवारी पोचेल. पाकीट वहिनीच्याच हातात देईल. खाटकाने अख्ख्या मेंढ्याचे सांगितले तेवढे दादाच्या अर्ध्यासाठी आत ठेवलेत, रोख: नऊ हजार पाचशे.