मोटारसायकलवाल्यांची चारचाकी

प्रिय भावजी,

बादलीत कपडे भिजत घातले होते, आंघोळीचं पाणी गॅसवर होतं आणि मी दारात उभी राहून पायपुसणी झटकत होते, तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आमचे हे ती गाडी घेऊन आले. सकाळी तुमच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलेला माणूस चारचाकी चालवत परत आला. मी पायपुसणं हातात धरून तशीच उभी. मागोमाग तुम्ही तुमच्या मोटारसायकलवर. उतरलात, हेल्मेट काढलंत, गाडीभोवती एक चक्कर मारलीत, टायरला बोटाने दाबून पाहिलंत आणि मला म्हणालात, वहिनी, अभिनंदन, याने नवीन घर घेतलंय, जरा लहान आहे एवढंच. यांनी आतूनच उत्तर दिलं, हसून घे लेका, तुझी वेळ आली की तुला डिकीत टाकून नेईन. मग मी विचारलं, चहा कोणाकोणाला हवाय. दुसरं काय विचारणार? पाणी उकळून निम्मं झालं होतं.

ती सकाळ आज आठवायला कारण आहे. सोमवारी जाऊबाईंचा फोन आला. गुडघ्याचे टाके निघाले, जखम भरली, पण व्यायामाला दवाखान्यात गेलं नाही तर पाय असाच ताठ राहील, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. आणि तुम्ही जायला तयार नाही. मोटारसायकलवर बसवेना आणि गाडीत बसणार नाही. जावईबापू त्यांची मोठी गाडी घेऊन दारात उभे राहिले, तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात. डब्यात बसायला मी काय लोणचं आहे का, असं काहीतरी म्हणालात. मी जाऊबाईंना म्हटलं, त्यांना फोनवर बोलवा, तर तुम्हाला झोप लागलीय असं कळलं. झोपलेला माणूस खोकतो, हे मान्य. पण तो मागून ‘मी झोपलोय म्हणून सांग’ असंही म्हणतो, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

तर फोनवर येत नाही म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला माहीत आहे, शाळा माझी लवकर सुटली. वाचायची गोडी लागली ती लग्नानंतर, यांच्या मोटारसायकलींच्या मासिकांवर. घरात दुसरं वाचायला काही नव्हतंच. पुढे वाचनालयातली पुस्तकं आणू लागले, कादंबऱ्या वाचल्या, प्रवासवर्णनं वाचली, पण सुरुवात कार्ब्युरेटरपासून आहे. त्यामुळे आणि रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर जमणाऱ्या तुमच्या टोळक्याला चहा देता देता, मला मोटारसायकलवाल्यांची एक गोष्ट नीट कळली आहे. ते चारचाकीला कितीही नावं ठेवोत, प्रत्येकाची मनातली एक चारचाकी असते. आणि ती कोणती, यावरून तो माणूस मोटारसायकलवर का बसतो ते समजतं.

तुमच्यातला तो लांब्या, सामान पोचवण्याच्या धंद्यातला. त्याला मागे उघडा हौदा असलेलीच गाडी हवी. का, तर त्यात मोटारसायकल चढवता येते. त्याच्या लेखी गाडी म्हणजे मोटारसायकलची नोकर. बायकोला पुढे बसवून तो पाहुण्यांकडे निघाला, तरी नजर सगळी मागच्या आरशात, दोर सैल झाला का म्हणून. दातांचे डॉक्टर त्याच्या उलट. त्यांची गाडी जमिनीला चिकटलेली, दोन माणसांची, छप्पर मागे दुमडणारी, आवाज असा की शेजारची मांजर भिंतीवर चढायची. त्यांना मोटारसायकलच हवी होती, फक्त दारं लावलेली. आणि हे ज्या कारखान्यात लेथवर होते तिथले मोठे साहेब आठवतात? रविवारी सगळ्यांच्या पुढे सुसाट जाणारे? त्यांची गाडी अगदीच वेगळी. पांढरी, लांबलचक, आपोआप गियर बदलणारी, आत बसलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही अशी. त्यांनी सरळ सांगितलं, मला जे हवं ते मोटारसायकलवर मिळतं, गाडीत मला फक्त बसायचं असतं. मला ते पटलं होतं. तुम्हाला नाही. तुम्ही आठवडाभर दुकानात, तोंडात सुई धरून, गिऱ्हाइकांच्या सीटा शिवता शिवता त्यांच्या नावाने बडबडत होता, असं हे सांगायचे.

आमच्या यांची गाडी कुठल्याच प्रकारात बसली नाही. साधी, जुनी, लहान, रंग उडालेला. तुम्ही लोकांनी यांना कंजूष ठरवलंत. पण मी शेजारी बसून फिरले म्हणून मला कळलं. त्या गाडीच्या काचा मोठ्या आहेत आणि काचांमधले खांब बारीक. हे म्हणायचे, ज्याला उघड्यावर बसायची सवय आहे त्याला खांब खुपतात, त्यांच्यामागे अख्खा माणूस लपतो. आरशावर यांचा विश्वास नव्हता, दर वेळी मान वळवून मागे बघणार. काच कायम खाली. थंडीत पायांवर शाल घ्यायची, पण काच खालीच. आणि वळण आलं की हे सगळं अंग त्या बाजूला झुकवायचे. इतकी वर्षं यांच्या मागे बसून मलाही तेच वळण लागलेलं, म्हणून मीही झुकायचे. एकदा तुम्ही मागून येत होता. पुढे येऊन काचेत डोकं घातलंत आणि म्हणालात, अरे, दोघंही एका बाजूला झुकताय, ती काय गाडी आहे का होडी? त्या दिवशी हसून हसून यांनी गाडी कडेला घेतली होती.

तुम्हाला तेव्हाही माहीत होतं आणि मला नंतर कळलं, की गाडी हौसेने घेतलेली नव्हती. डाव्या हाताची मूठ वळेनाशी झाली होती. क्लच दाबता येत नव्हता. गाडीत क्लच पायाला असतो आणि गियरचा दांडा तळहाताने ढकलला तरी चालतो. आपोआप गियरची घ्या, असं सगळे सांगत होते. हे म्हणाले, मग मी तिथे बसून करू काय? दुखणं हातावर थांबलं नाही, हे काही तुम्हाला सांगायला नको. पुढे पायही ऐकेना, तेव्हा हे शेजारच्या सीटवर आले, मी मागे गेले आणि गाडी तुम्ही चालवू लागलात. तपासणीला, औषधाला, कधी नुसतं तळ्यापर्यंत. दुकान बंद ठेवून यायचात. आणि सगळा रस्ता यांची बोलणी खायचात. गियर उशिरा टाकलास, शिलाई मशीन चालवतोयस का, असं.

आता ज्या गोष्टीसाठी तुम्ही भिंतीकडे तोंड करता तिच्याबद्दल बोलते. तुम्ही गाडीत बसत नाही ते गुडघ्यामुळे नाही आणि लोणच्यामुळेही नाही. त्या दुपारी दवाखान्यात जाताना यांनी तुम्हाला सांगितलं, काच खाली कर आणि सावकाश घे. तुम्ही सावकाश घेतलीत. दवाखान्याच्या दारात आपण पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. गाडी तुम्ही आमच्या शेडमध्ये आणून लावलीत, किल्ली खिळ्याला अडकवलीत आणि त्यानंतर आमच्या ओट्यावर पाय ठेवला नाहीत. भेटायला आलात तेही फाटकाशी उभे राहून बोललात.

भावजी, मी मागे बसले होते. मला यांचा चेहरा आरशात दिसत होता. यांनी डावा हात खिडकीबाहेर ठेवला होता आणि बोटं सैल सोडली होती, वाऱ्यावर. एक पोरगा मोटारसायकलवरून बाजूने पुढे गेला, तर यांनी त्याच्या सायलेन्सरला नावं ठेवली. मला ऐकू आलं, तुम्हालाही आलं असेल. ते यांचं शेवटचं बोलणं. डॉक्टरांना मी नंतर एकटी जाऊन विचारून आले, जोरात आणलं असतं तर? ते म्हणाले, तर रस्त्यात गेले त्याऐवजी आत येऊन गेले असते. मला ते पुरेसं आहे. तुम्ही जोरात घेतली असतीत तर काच वर करावी लागली असती आणि त्यांनी ती करू दिली नसती. हे तुम्हाला मी आधीच सांगायला हवं होतं, पण तुम्ही फाटकाच्या आत आला असतात तर सांगितलं असतं.

एवढं लिहिलं ते तुमची समजूत काढायला नाही. ते काम जाऊबाई करताहेत, आणि दमल्या आहेत. माझं काम वेगळं आहे. शेडमध्ये गाडी नुसती उभी आहे, मला ती विकायची नाही आणि मला ती चालवायची आहे. शिकणाऱ्याच्या शेजारी पक्कं लायसन असलेलं माणूस बसावं लागतं, नियमच तसा आहे. तुमच्याकडे चारचाकीचं लायसन आहे. सीट मागे सरकवून पाहिली, पाय लांब करून बसता येतं. गाडी शिकवणाऱ्या क्लासमध्ये गाडी थोडी सरळ जायला लागली की मी तुमच्या दारात येईन आणि तुम्हाला दवाखान्यात नेईन. गाडी चौकात बंद पडेल, मागचे हॉर्न वाजवतील. तेव्हा तुम्ही मला काय वाटेल ते बोला, पण बाजूच्या काचेतून बाहेर बघत बसू नका, रस्त्याकडे बघा, कारण मला एकटीला ते जमणार नाही. सोमवारी जाऊबाईंचा फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी घर आवरलं आणि जाऊन शिकाऊ लायसन काढून आणलं.

तुमचीच,
वहिनी