सीटकव्हरखालचं बक्कल

जळगाव, रविवार, संध्याकाळ

धुळ्याला गाडी बघून आलो. ठरलं काहीच नाही. हिला ऐसपैस सीट हवी. मी म्हणतोय, जुन्याच कंपनीची घेऊ, अकरा वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. खरंच नाही पडली. नशिराबादजवळ ट्रकवर आदळली, तेव्हाही इंजिन चालूच होतं.

त्या दिवशी मागे एकटे आबा होते. पट्टा लावला नव्हता. लावणार कशात? एरवी मागे आई-आबा दोघं बसायचे, आईच्या कमरेला बक्कल टोचायचं, म्हणून मीच ते सीटकव्हरखाली दाबून टाकलं होतं. दोन मिनिटांचं काम. आबा गेले तरी हे कुणाला सांगितलं नाही. आईला आठवत असेल का?

आज शोरूममधला माणूस एअरबॅगा मोजून दाखवत होता, मी बक्कलच बघत होतो. तो म्हणाला, "कव्हर बसवताना हे आत घालून देऊ, टोचणार नाही."

आई त्या गाडीत मागे बसली होती. तिने पट्टा ओढला, चाचपत बक्कल शोधलं, लावलं. ते तिच्या कमरेत रुतलेलं मला दिसत होतं.

"राहू द्या वरच," ती त्याला म्हणाली. बघत होती माझ्याकडे. "टोचू दे."