रिकाम्या बादलीचं वजन

सर,

आधी 'आदरणीय' लिहिलं होतं, ते खोडलंय.

माझ्या पीएचडीचे आकडे तुम्ही स्वतःच्या नावावर छापलेत. शहरातल्या हॉटेलांचं खरकटं कुठे जातं, त्याचं खत होऊन, भाजी होऊन ते परत त्याच हॉटेलात कसं येतं, हे शोधायला मी दोन वर्षं उष्ट्याच्या बादल्या उचलल्या. बसमध्ये शेजारी कुणी बसायचं नाही. आई दारातच म्हणायची, "आधी अंघोळ, मग बोल." तुम्ही सगळ्यांदेखत 'बादलीवाली' म्हणून हसायचात. आणि शेवटी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यात!

पण सर, बादली तुम्ही कधी उचललीच नाहीत. मी बादलीसकट वजन करायचे. हॉटेल बंद असेल त्या दिवशी रिकामी बादली काट्यावर ठेवायचे आणि तेही वजन नोंदवायचे, नंतर वजा करायला. तुम्ही ती वजाबाकी केलीच नाहीत. उलट शोध लावलात की, बंद स्वयंपाकघरातूनही कचरा निघतो! त्याला 'अदृश्य कचरा' असं नावही दिलंत.

वाचून इतकी हसले की आई म्हणाली, "अगं, डोकंबिकं फिरलं का?"

उद्या या शोधासाठी तुमचा सत्कार आहे. हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही आजच चूक सुधाराल. त्यापेक्षा मी पहिल्या रांगेत बसेन, आणि कुणी प्रश्न आहेत का विचारलं की उठून तुमचा अदृश्य कचरा तुमच्यासमोर टेबलावर ठेवेन.

लोखंडी आहे, सर. जपून उचला.

तुमचीच,
बादलीवाली